सोमवारी लाल होणारा ठोकळा

काड्यापेटीहून थोडा लहान, पिवळट पांढरा आणि एका बाजूने पार झिजलेला असा मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. मित्रांनो, मेण म्हटल्यावर तुम्हाला मेणबत्ती आठवली असेल. मेणबत्ती जळताना सगळ्यांना दिसते, तिचं कौतुक होतं. माझ्या वाट्याला तसलं काही आलं नाही. मी बारा वर्षं कोलकात्यात, बालीगंज स्टेशनपासून पाच मिनिटांवर असलेल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबच्या खणात राहिलो आणि दर सोमवारी थोडा थोडा कापला गेलो. तरीही माझी काही तक्रार नाही. उलट भाव खायची संधी मिळाली तर मी ती सोडत नाही, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.

माझ्या पोटात फुप्फुसाचा एक तुकडा होता. हावड्याच्या एका ओतशाळेत काम करणाऱ्या माणसाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्या छातीतला सडलेला भाग काढला. त्यातला बोटाच्या पेराएवढा तुकडा त्याच्या परवानगीने आमच्या लॅबने ठेवून घेतला. तो आधी स्पिरिटमध्ये बुडवला, मग गरम पातळ मेणात मुरवला आणि शेवटी साच्यात ओतून गार केला. असा माझा जन्म झाला. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. तो बरा होऊन घरी गेला, एवढं डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं होतं. मला मात्र सतरा नंबर मिळाला आणि नंबराखाली पेन्सिलीने लिहिलं गेलं, 'कंट्रोल'.

आता हे कंट्रोल म्हणजे काय, ते सांगतो. त्या तुकड्यात टीबीचे, म्हणजे क्षयरोगाचे जंतू खच्चून भरलेले होते. हे जंतू साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. पातळ काप काढून काचेवर ठेवायचा, त्याला खास लाल रंग द्यायचा, रंग तापवायचा, मग आम्लाने धुऊन वरून निळा रंग चढवायचा. सगळं जमलं तर बाकीचा काप निळा होतो आणि जंतू तेवढे बारीक लाल काड्यांसारखे उठून दिसतात. पण रंग खराब निघाला किंवा नीट तापला नाही, तर जंतू असूनही दिसत नाहीत. रोगी आजारीच असतो आणि रिपोर्टात लिहिलं जातं, 'जंतू आढळले नाहीत'. म्हणून दर सोमवारी रोग्यांच्या काचांबरोबर माझाही एक काप त्याच रंगात बुडवायचा. माझ्यात जंतू आहेत हे सगळ्यांना पक्कं माहीत. मी लाल झालो, तर त्या दिवसाच्या रंगावर भरवसा ठेवायचा. नाही झालो, तर एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही. थोडक्यात, मित्रांनो, मी लाल झाल्याशिवाय डॉक्टर सहीचं पेन उघडत नसत. एवढा मान एका मेणाच्या ठोकळ्याला कुठे मिळतो, सांगा बरं?

मला कापण्याचं काम शकुनताईंचं. शकुन टिपणीस त्यांचं नाव. त्यांचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. नागपुरातून त्यांची बदली कोलकात्याला झाली, आणि पुढे बाकीच्यांनी परतीच्या बदल्या मागितल्या तरी हे कुटुंब इथेच रमलं. शकुनताई बाहेर अस्सल बंगाली बोलायच्या, मासळी बाजारात घासाघीस करायच्या, पण कामाला बसल्या की स्वतःशी मराठीत पुटपुटायच्या. लॅबमध्ये ते कळणारे दोघेच. एक डॉक्टर मनोहर राजवाडे आणि दुसरा मी.

ते सोमवार आठवले की अजून बरं वाटतं. सकाळी खिडकीतून लोकल गाड्यांची घोषणा ऐकू यायची. शकुनताई पदर खोचून बसायच्या, मला खणातून काढायच्या आणि बर्फाच्या ताटलीत पालथा ठेवायच्या, कारण गार मेण छान कापलं जातं. "चला आजोबा, उठा. आंघोळीची वेळ झाली," असं म्हणायच्या. आजोबा हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मग मला यंत्राच्या चिमट्यात बसवायच्या आणि चाक फिरवायच्या. पात्यावरून माझा काप सुटायचा, केसाहून कितीतरी पातळ, फुंकर मारली तर उडून जाईल असा. तो त्या कोमट पाण्यावर तरंगवायच्या आणि खालून काच घालून अलगद उचलायच्या. त्यांच्या हाताला कधी घाई नव्हती.

दुपारी रंग तापवल्याचा उग्र वास सुटायचा. डॉक्टर राजवाडे लेबू चा, म्हणजे लिंबाचा कोरा चहा, घेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसायचे. सगळ्यांत आधी माझी काच. बाकीच्या काचांकडे तोवर ढुंकूनही बघायचे नाहीत. "शकुनताई, तुमचे आजोबा आज काय म्हणतात बघू," असं म्हणून ते डोळा लावायचे, आणि जरा वेळाने म्हणायचे, "लाल. झकास. आणा पुढची." त्यांचं ते "झकास" ऐकायला मी आठवडाभर वाट पाहायचो. लॅब लहान होती, पण शिस्त करडी. डॉक्टर दर महिन्याला जुन्या काचांतल्या काही डोळे मिटून उचलायचे आणि आधीचा रिपोर्ट न वाचता पुन्हा तपासायचे. चूक सापडली तर ती लिहायला एक वेगळी वही होती. त्या वहीत सगळ्यांत जास्त चुका डॉक्टरांच्याच होत्या, कारण त्या ते स्वतःच शोधून लिहायचे.

अशी बारा वर्षं गेली. मी झिजत गेलो. माझ्यासारखा दुसरा ठोकळा मिळेना, कारण जंतूंनी एवढा भरलेला तुकडा काढायची वेळ आता सहसा येत नाही. औषधं लवकर सुरू होतात, रोगी आधीच बरे होतात. ही चांगलीच गोष्ट आहे, पण माझी पंचाईत झाली. शकुनताई मला उजेडात धरून किती उरलोय ते बघायला लागल्या. त्यांची निवृत्ती मार्चमध्ये होती. एकदा मला पुसताना त्या म्हणाल्या, "आजोबा, मार्चपर्यंत तग धरा बरं. आपण दोघं बरोबरच निघू." मला काय सांगू, भरून आलं. बारा वर्षांत मला कुणी असं आपलं म्हटलं नव्हतं. पण मित्रांनो, सगळा घोटाळा सुरू झाला तो याच मायेतून.

दुर्गापूजेची सुट्टी संपली तो सोमवार. पाच दिवस लॅब बंद होती. गल्लीतल्या मंडपाचे बांबू उतरवायचं काम चाललं होतं आणि लॅबमध्ये साठलेल्या नमुन्यांची रांग लागली होती. टीबीच्या रंगाच्या सहा काचा होत्या. शकुनताईंनी मला बर्फावर ठेवलं, मग उचलून उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. सुट्टीनंतर यंत्रात नव्याने बसवायचं म्हणजे माप जुळेपर्यंत माझे आठ-दहा काप वाया जाणार होते. त्यांनी मला पुन्हा खणात ठेवलं.

खणाची फट उघडी होती, म्हणून पुढचं मी पाहिलं. त्यांनी पूजेआधीच्या सोमवारची माझी काच काढली. ती लालच होती. तिच्यावरची तारखेची चिठ्ठी सोलली आणि नवी तारीख चिकटवली. "रंग तोच, हात तोच, ठोकळा तोच," त्या पुटपुटल्या. "काय फरक पडतो?" बारा वर्षांत या बाईने हातचं काही राखून काम केलं नव्हतं. पैशासाठी त्यांनी असं कधीच केलं नसतं, आळसापोटी तर नाहीच. माझे आठ-दहा काप वाचवायचे, एवढ्यासाठी त्यांनी ते केलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही बरं वाटलं. कापलं जाणं कुणाला आवडतं?

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आधी माझी काच पाहिली. "लाल. झकास." मग सहा काचा तपासल्या. सहांत एकही लाल काडी दिसली नाही. सहा रिपोर्टांवर सह्या झाल्या आणि रिपोर्ट रोग्यांकडे गेले.

पुढच्या सोमवारी मात्र शकुनताईंनी मला कापलं. कदाचित आठवडाभर त्यांना टोचत असावं. वाया जायचे ते काप वाया गेले, एक चांगला काचेवर आला, रंगात गेला, तापला, धुतला गेला. काच सुकल्यावर डॉक्टर यायच्या आधी त्यांनी स्वतःच डोळा लावला. मी निळा होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा. लाल काडी औषधालाही नाही.

त्यांनी काच खालीवर केली. पुन्हा पाहिलं. मग उठून रंगाची बाटली उजेडात धरली. तळाशी बोटभर गाळ बसला होता. सुट्टीत बाटली तशीच उभी राहिली होती, रंग खाली जमला होता आणि वर नुसतं गुलाबी पाणी. सुट्टीनंतर रंग नवा करून गाळून घ्यायचा, हे त्या घाईत विसरल्या होत्या. गेल्या सोमवारीही हीच बाटली होती. शकुनताई स्टुलावर बसल्या त्या बसल्याच.

मित्रांनो, इथे थोडं थांबून विचार करा. हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. रंग नवा केला असता, पुन्हा काचा केल्या असत्या, तर कुणाला पत्ताही लागला नसता. गेल्या सोमवारची खोटी काच लाल होऊन पेटीत नीट बसली होती. बारा वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं आणि चार-पाच महिन्यांत त्या घरी गेल्या असत्या.

डॉक्टर आले. शकुनताई उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, गेल्या सोमवारची कंट्रोल गेल्या सोमवारची नव्हती."

"म्हणजे?"

"मी जुनी काच लावली. तारीख बदलून. ठोकळा वाचवायला." मग त्यांनी निळी काच पुढे केली. "आजची ही अशी आली आहे. बाटली तीच आहे."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. काच पाहिली. मला वाटलं, आता आकाश कोसळणार.

"किती रिपोर्ट गेले?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"सगळे परत मागवा. सहाही रोग्यांचे ठोकळे पुन्हा कापा. रंग नवा करा, गाळून. आणि आजोबांना शेजारी ठेवा." मग जरा थांबून म्हणाले, "रागवायचं ते नंतर बघू. आत्ता वेळ नाही."

त्या दुपारी मी पुन्हा कापला गेलो आणि लखलखीत लाल झालो. पाच रोग्यांच्या काचा निळ्याच राहिल्या. सहावीत डॉक्टर तास-दीड तास शोधत होते. मला तर वाटलं, सुटलो. मग ते हळूच म्हणाले, "शकुनताई, बघा जरा." तीन लाल काड्या होत्या. फक्त तीन.

ती काच स्नेहा दासची होती. डमडमला राहणारी, प्राथमिक शाळेत शिकवणारी तिशीची बाई. मानेला गाठ, रोज संध्याकाळी ताप. आमच्या रिपोर्टात जंतू नव्हते, म्हणून तिच्या डॉक्टरांनी हा टीबी नाही, दुसराच आजार आहे असं ठरवून त्याची औषधं लिहून दिली होती. ते आजार दाबणारं औषध होतं. टीबीच्या औषधांशिवाय ते नुसतं घेतलं, तर अंगातली रोगाशी लढायची ताकदच दबते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. डॉक्टर राजवाड्यांनी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पूजेनंतर बाहेरगावी गेलेले, दवाखाना बंद. स्नेहाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

शकुनताईंनी फॉर्मवरचा पत्ता उतरवून घेतला. "मी जाते," त्या म्हणाल्या.

"मी कुणाला तरी पाठवतो."

"नको डॉक्टर. हे माझं आहे."

त्या मेट्रोने डमडमला गेल्या. पुढचं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुसता पुसता त्यांनी जे सांगितलं, तेवढंच मला ठाऊक आहे. स्नेहाने दार उघडलं, "आपनि निजे एलेन?" तुम्ही स्वतः आलात, असं तिने लॅबचं नाव ऐकून चकित होऊन विचारलं. तिला वाटलं, लॅबमधून कुणी घरी येतं म्हणजे काहीतरी चांगलंच असेल. शकुनताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रिपोर्ट चुकला. कसा चुकला. काही लपवलं नाही. स्नेहाने त्या औषधाच्या गोळ्या तीन दिवस घेतल्या होत्या आणि ताप चढला होता.

"मग ती काय म्हणाली, ठाऊक आहे आजोबा?" शकुनताई मला विचारत होत्या, जसं काही मी उत्तर देणार होतो. "म्हणाली, दीदी, तुम्हाला माझ्यापेक्षा त्या ठोकळ्याची जास्त काळजी होती."

एवढं बोलून त्या मला हातात धरून बसून राहिल्या. मित्रांनो, मी मेणाचा आहे, पण त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. ती बाई खरं तेच बोलली होती.

गोळ्या त्याच रात्री थांबल्या. दोन दिवसांनी टीबीची औषधं सुरू झाली. डॉक्टर राजवाड्यांनी चुकांच्या वहीत सगळं लिहिलं, खाली शकुनताईंनी सही केली. मग डॉक्टरांनी विचारलं, "आता पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?" माझा अंदाज होता की ते काच कुलपात ठेवायला सांगतील, किंवा दोघांच्या सह्या. शकुनताई म्हणाल्या, "आजोबांचा काप वेगळ्या काचेवर ठेवायचाच नाही. प्रत्येक रोग्याच्या काचेवर, त्याच्या कापाच्या शेजारी ठेवायचा. मग बदलायचं म्हटलं तरी बदलता येणार नाही. दोघं एकाच रंगातून जातील."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सहा काचा असतील तर सहा काप लागतील. हे मार्चपर्यंत पुरायचे नाहीत, शकुनताई."

"माहीत आहे."

त्यानंतरचे सोमवार मला सगळ्यांत जास्त आठवतात. दर आठवड्याला मी सहा, कधी आठ वेळा पात्याखाली जायचो. पण पूर्वी मी काचेवर एकटा असायचो. आता माझ्या शेजारी कुणीतरी असायचं. कधी हावड्याच्या शाळकरी मुलाची गाठ, कधी बालीगंजच्या म्हाताऱ्या आजींच्या पाठीचा तुकडा. एकाच थेंबाखाली आम्ही दोघं भिजायचो, एकाच आचेवर तापायचो. मी लाल व्हायचो आणि शेजारचा निळा राहिला, तर डॉक्टर निर्धास्तपणे लिहायचे, जंतू नाहीत. त्या 'नाहीत'ला आता वजन होतं. शकुनताई मला उजेडात धरून मोजायच्या बंद झाल्या.

जानेवारीत थंडीच्या दिवसांत एका मोठ्या इस्पितळातून नवा ठोकळा आला. चांगला जाडजूड, माझ्या तरुणपणीसारखा. त्या सोमवारी माझ्यात मोजून एक-दोन काप उरले होते, पलीकडे नुसतं मेण दिसत होतं. डॉक्टर स्वतः उठून शकुनताईंच्या टेबलाशी आले.

"आता याला राहू द्या," ते म्हणाले. "नवा आलाय ना. तुम्ही दोन महिन्यांनी जाल, तेव्हा हा एवढा आठवण म्हणून घेऊन जा. मीच देतो तुम्हाला."

शकुनताईंचे डोळे भरले. मी जवळून पाहिलं. त्यांना मी हवा होतो, मलाही त्यांच्याबरोबर जायचं होतं. त्यांच्या घरातल्या काचेच्या कपाटात मी छान शोभलो असतो.

"नवा लाल होतो की नाही, अजून कुणी पाहिलेलं नाही डॉक्टर," त्या म्हणाल्या. "त्याची पारख करायला त्याच्या शेजारी खात्रीचा कुणीतरी हवा. आजोबांशिवाय आहे कोण?"

त्यांनी मला बर्फावर ठेवलं, मग चिमट्यात बसवलं. चाक फिरलं. शेवटचा काप जरा फाटका निघाला, तरी त्यांनी तो कोमट पाण्यावर नीट पसरवला आणि नव्याच्या कापाशेजारी काचेवर घेतला. दुपारी डॉक्टरांनी डोळा लावला. "दोघंही लाल," ते म्हणाले. या वेळी झकास न म्हणता त्यांनी सूक्ष्मदर्शक शकुनताईंकडे वळवला.

मार्चमध्ये शकुनताई निवृत्त झाल्या. मे महिन्यात एके दिवशी डॉक्टरांनी चुकांची वही उघडली आणि स्नेहा दासच्या पानावर एक ओळ लिहिली. औषधांचा कोर्स पूर्ण, गाठ गेली, शाळेत रुजू. ती स्वतः लॅबमध्ये कधी आली नाही. तिने यावं तरी का? डॉक्टरांनी शकुनताईंना फोन करून ती ओळ दोनदा वाचून दाखवली. पलीकडून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टर मात्र बराच वेळ फोन कानाशी धरून नुसतं "हो, हो" म्हणत होते.

आता मी खणात आहे. माझ्यात काही उरलेलं नाही, नंबर आणि मेण तेवढं. माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी हात जोडतात आणि म्हणतात, आम्हाला जपा. मला तसं म्हणवत नाही, मित्रांनो. तुमच्याजवळ खरं-खोटं पारखणारं काही असेल, एखादी मोजपट्टी, एखादा तराजू, तोंडावर चूक सांगणारा एखादा दोस्त, तर त्याला मायेने कपाटात ठेवू नका. झिजला तरी चालेल, रोज कामाला लावा. बारा वर्षांत मला प्रेमाने जपलं असा एकच सोमवार आला, आणि त्याच सोमवारी स्नेहाच्या काचेशेजारी कुणी नव्हतं.